गाभा कुणाचा

आमच्या गाभा सरांना कोणतीही नवी वस्तू दाखवा, कोणताही नवा माणूस दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "ह्याचा गाभा कुणाचा?" नव्या मोबाइलबद्दल हाच प्रश्न, निवडणुकीला पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याबद्दल हाच आणि बोहल्यावरून सारखा सासऱ्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या नवरदेवाबद्दलही हाच. उत्तराची वाट ते बघत नसत. चष्मा कपाळावर चढवायचे, समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचे आणि स्वतःच निकाल द्यायचे, "स्वतःचा न्हाय. मालकाचा हाय." एकदा असा निकाल लागला की तो माणूस त्यांच्या लेखी संपला. मग त्याच्याशी ते फक्त हवापाण्याचे बोलत.

धाराशिवच्या बाहेर माळावर आमचे इंजिनिअरिंग कॉलेज होते. तिथे ते आम्हाला कॉम्प्युटर शिकवत. पुस्तकात कर्नेल म्हणतात, त्याला ते गाभा म्हणत. मेमरी कुणाला द्यायची, डिस्कवर कुणी लिहायचे, कुणाचे काम आधी करायचे हे सगळे जो ठरवतो आणि ज्याला विचारल्याशिवाय मशीनमधले पानही हलत नाही, तो गाभा. "केळीला गाभा असतो, देवळाला गाभारा असतो. आपल्याकडं शब्द असताना उसना कशापायी आणायचा?" असे ते दर वर्षी पहिल्या तासाला विचारत. पोरांनी त्यांचे नावच गाभा सर पाडले. त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते, पण कुणी तोंडावर म्हटले असते तर डस्टर आले असते अंगावर.

स्वभावाने ते अजिबात गोड नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मेल्यावर माणसाला साखरेत घोळवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला जमत नाही. ते खवट होते. कुणाचे कौतुक करायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचे. कॉलेजात एकच सर्व्हर होता, काचेच्या खोलीत ठेवलेला. त्या खोलीत ते कुणालाही चप्पल घालून येऊ देत नसत. प्राचार्य एकदा बूट घालून आले तर यांनी त्यांच्या बुटांकडे इतका वेळ बघितले की शेवटी ते दारातूनच बोलून परत गेले. बेंबळीहून, आपल्या गावाहून, एसटीने यायचे, एका हातात डब्याची पिशवी आणि पिशवीत जुन्या धोतराचे एक धुतलेले फडके. आल्या आल्या त्या फडक्याने सर्व्हर पुसायचे. शिपायाला ते काम त्यांनी कधी करू दिले नाही. "आपली लॅब" असेच म्हणायचे. कॉलेजची म्हणत नसत, माझीही म्हणत नसत.

एका मशीनच्या पोटात अनेक मशिनी कशा चालवायच्या, हा त्यांचा जीव की प्राण विषय. खरे तर अभ्यासक्रमात त्याला एवढेसे स्थान होते. दुसरे कुणी असते तर पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून मोकळे झाले असते. सरांनी फळ्यावर विहीर काढली. तीन भावांत मिळून एक विहीर, तिच्यावर एक मोटार आणि पाण्याची पाळी. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी हेच होते, त्यामुळे वर्ग एकदम जागा झाला. विहीर म्हणजे मशीन, भाऊ म्हणजे त्या मशीनवर पाहुण्या म्हणून राहणाऱ्या विंडोज, लिनक्स असल्या सिस्टिमा, आणि ओसरीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारे आबा म्हणजे मशीन वाटून देणारा.

"पहिली तऱ्हा," सर म्हणाले. "भावाच्या घरात स्टार्टर हाय. तो बटन दाबतो, पाणी येतं. त्याला वाटतं, मोटार माझी, विहीर माझी. पण वायर सरळ मोटारीला जात न्हाय. ती आबाच्या ओसरीवरनं जाती. आबा बघतो पाळी कुणाची, मग मोटार सोडतो. भावाला आबा हाय हेच ठाऊक न्हाय. ह्या तऱ्हेत पाहुण्याच्या गाभ्याला हात लावायचा न्हाय. जसा हाय तसा आणून बसवायचा. तो राजासारखा ऱ्हातो."

"दुसरी तऱ्हा. ह्या भावाला ठाऊक हाय, की विहीर एकट्याची न्हाय. तो बटनाच्या नादालाच लागत न्हाय. सरळ हाक मारतो, आबा, पाणी सोडा. काम पटकन होतं. पण त्यासाठी आधी त्याचा स्वभाव बदलावा लागतो, गाभ्यातच फेरफार करावे लागतात. जी कंपनी आपला गाभा उघडून दाखवत न्हाय, तिच्यासंगं हे जमत न्हाय."

"आणि तिसरी?" कुणीतरी विचारले.

"तिसऱ्या तऱ्हेत भावाला स्वतःचा गाभाच न्हाय. खोल्या वेगळ्या, भांडी वेगळी, दारावर नावं वेगळी. डोकं मात्र एकच, आबाचं. लई हलकं काम. एका मशीनवर पाहिजे तेवढे बसवा, चुटकीसरशी उठत्यात. पण आबा पडला की सगळे पडले. आणि आबा लिनक्सचा असला तर त्या खोलीत विंडोज ऱ्हाईल का? न्हाय ऱ्हाणार. त्याला लागणारं डोकंच तिथं न्हाय."

तेवढ्यावर भागले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा आठदहा जणांना बेंबळीला नेले आणि खरी विहीर दाखवली. त्यांच्या आणि भावाच्या वाटणीत होती ती. स्टार्टरच्या पेटीवर टिचकी मारून ते म्हणाले, "आता ह्याची वायर कुठं जाती ते बघा." पोरे खरोखरच वायरीमागे चालत गेली. भाऊ बांधावर उभा राहून हसत होता. असला मास्तर मी दुसरा बघितला नाही, आणि आता बघेन असेही वाटत नाही.

घरी काकूंनी शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, आवाजाला मोठ्या आणि हाताला सढळ. मी भांडी उचलायला आत गेले तर त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या कालिजात ह्यांचं काय चाललंय गं? आवंदा कायम करणार म्हणत्यात. दर साली म्हणत्यात." मला तेव्हा नीट काही कळले नाही. त्या पुढे म्हणाल्या, "म्या काय न्हाय म्हणत. पर हितं पारावरची माणसं इचारत्यात, मास्तर अजून कायम न्हाईत व्हय? मग हे दोन दिस पाराकडंच जात न्हाईत. लांबून जात्यात, वड्याच्या अंगानं." बाहेर सर पोरांना मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते. काकूंनी पदराला हात पुसले आणि आणखी पोळ्या बाहेर पाठवल्या.

मग मी चौकशी केली. सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे घेतील तेवढ्या तासांचे. दर जूनला नवी ऑर्डर निघायची आणि परीक्षा संपली की ती संपायची. मधल्या सुट्टीत ते कॉलेजचे कुणी नसत. लॅब त्यांनी उभी केली, वायरी त्यांनी ओढल्या, बंद पडलेल्या मशिनी त्यांनीच उघडून बसवल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरे त्यांच्याच शेजारच्या केबिनमध्ये कायम होऊन बसली. आणि हे जूनच्या जूनला ऑर्डरची वाट बघत. केस पिकले तरी ते शासनाच्या भाषेत 'अध्यापक' नव्हते, 'प्राध्यापक' तर नव्हतेच नव्हते. ही वाक्ये लिहितानासुद्धा माझे डोके फिरते.

त्यांचे मात्र डोके फिरत नसे. निदान दिसत नसे. स्टाफरूममधल्या माणसांची त्यांनी आपल्या तीन तऱ्हांत वाटणी करून ठेवली होती. संस्थेच्या अध्यक्षांना अख्खे कॉलेज 'मालक' म्हणायचे. त्यांच्या बंगल्यावर सणासुदीला जाऊन "मालक, तेवढं आमचं बघा" म्हणणारे ते दुसऱ्या तऱ्हेचे. मालक हसले की हसणारे आणि मालकांच्या घरी सुतक असले की आपल्या घरचे गोडधोड बंद करणारे तिसऱ्या तऱ्हेचे. "आणि तुम्ही, सर?" मी एकदा विचारले. ते म्हणाले, "मी पहिल्या तऱ्हेचा. मला कुणाला हाक मारायची गरज न्हाय. माझं काम मला ठाऊक हाय." असे म्हणताना त्यांनी छाती जरा पुढे काढली होती. त्या छातीचा मला तेव्हा अभिमान वाटला. आज तीच आठवण नकोशी होते.

कारण पहिल्या तऱ्हेची दुसरी बाजूही त्यांनीच आम्हाला शिकवली होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांनी एका मशीनवर तीन पाहुण्या सिस्टिमा सुरू केल्या, तिघींना आपापला गाभा. मग एकीचा गाभा मुद्दाम पाडला. पडद्यावरची ती एक खिडकी जागच्या जागी गोठली, बाकीच्या दोघी खुशाल चालू. मग तिसऱ्या तऱ्हेची मांडणी केली आणि मूळ मशीनचाच गाभा पाडला. सगळ्या खिडक्या एकदम काळ्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या तर सर खेकसले, "टाळ्या कशाच्या वाजवताय? मयत झालंय." हसे पिकले. मी विचारले, "सर, पहिल्या तऱ्हेतल्या गाभ्याला कधीच कळत नाही का, की आपल्या खाली कुणी मालक आहे म्हणून?"

"कळून काय करायचं हाय? त्याचं काम नीट चाललंय की."

"आणि मालकाने त्याला थांबवलं तर?"

"थांबवल्याचंही कळत न्हाय. जागच्या जागी थांबतो. परत उठवला की त्याला वाटतं, आत्ताच तर पापणी मिटली हुती. घड्याळ तेवढं मागं पडलेलं असतं." हे सांगून त्यांनी पुढची खिडकी उघडली. चांगला प्रश्न होता असे काही म्हणाले नाहीत. म्हणणारच नव्हते.

आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना तपासणीची समिती यायची होती. कॉलेजला नवी शाखा हवी होती आणि त्या शाखेच्या लॅबला सहा सर्व्हर लागत होते. कॉलेजकडे होता एक. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितले, "सर, तुम्ही मुलांना शिकवता ना ते? तेच करा. एकाचे सहा करून दाखवा." सर आधी हसले. त्यांना वाटले गंमत चालली आहे. मग कुठूनतरी पाच रिकामी खोकी आली, आत नुसते पंखे बसवलेली, बाहेर दिवे लुकलुकणारी. वेगवेगळ्या वर्षी खरेदी केल्याचे स्टिकर त्यांच्यावर लागले. तेव्हा सरांचे हसणे थांबले.

त्यांनी नकार दिला का? नाही दिला. ऐन वेळी तरी अंग काढून घेता आले असते, पण समिती यायच्या दिवशी सकाळी मालक स्वतः लॅबमध्ये आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते, बुटांसकट. आम्हाला गणवेशात बसवून ठेवलेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलेले आहे. मालकांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, एवढं निभवून न्या. जूनला तुमचं कायमचं मी स्वतः बघतो." कॉलेजच्या फोटोग्राफरने लगेच फोटो काढला. सरांचा चेहरा मी विसरणार नाही. लाजल्यासारखा झाला होता, एवढ्या वयाच्या माणसाचा. बुटांकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही.

सहा सिस्टिमांना सहा वेगळे गाभे देण्याएवढी त्या म्हाताऱ्या सर्व्हरच्या पोटात जागा नव्हती. म्हणून सरांनी ते सगळे तिसऱ्या तऱ्हेने बसवले होते, ज्या तऱ्हेला ते जन्मभर नाक मुरडत आले. सहा पडदे, सहांवर लिनक्सच्याच सहा वेगळ्या जातींची नावे, वेगळे रंग. बघणाऱ्याला वाटावे, सहा वेगवेगळ्या मशिनी आहेत. "पोटात जागा नसली की माणूस तिसऱ्या तऱ्हेवर येतो," ते मला म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

समिती आली. एकदोन सदस्य शहाळे पीत दारातूनच मान डोलावत होते. पण एक उंच, वयस्क सदस्य चप्पल काढून आत आले. सरांनी त्यांच्या उघड्या पायांकडे बघितले. मी तेव्हाच समजायला हवे होते. सदस्यांनी सहज विचारले, "एका मशीनवर अनेक सिस्टिमा चालवायचं तुम्हीच शिकवता का मुलांना? पाहुण्या सिस्टिमचं कर्नेल कुठल्या पद्धतीत काय होतं, हे मुलांना पटकन कळत नाही. तुम्ही कसं समजावता?"

झाले. सरांनी खडू उचलला. फळ्यावर विहीर आली, स्टार्टर आले, आबा आले. एवढी वर्षे वर्गातली पोरे सोडून कुणी त्यांना त्यांच्या विषयातले एक अक्षर विचारले नव्हते. प्राचार्य घड्याळ दाखवत होते, सरांना घड्याळ दिसत नव्हते. पहिली तऱ्हा झाली, दुसरी झाली. सदस्य मान डोलावत मधून मधून नेमके विचारत होते. मग सर म्हणाले, "आता तिसरी. त्यासाठी लांब कशाला जायचं, ही समोरच हाय की." आणि त्यांनी पहिल्या पडद्यासमोर जाऊन गाभ्याची ओळख विचारणारी आज्ञा टाईप केली. मग दुसऱ्यासमोर, मग तिसऱ्यासमोर, अशी सहाही ठिकाणी. नावे सहा निघाली, गाभ्याचा क्रमांक सगळीकडे तोच, म्हणजे मशीनही एकच.

"बघा," सर म्हणाले. "नावं सहा हायती. गाभा एकच हाय."

त्या खोलीत मग रिकाम्या खोक्यांतल्या पंख्यांचा आवाज तेवढा येत राहिला. सरांच्या हातात खडू तसाच होता. आपण काय बोललो ते त्यांना वाक्य संपल्यावर कळले, की बोलायच्या आधीच कळले होते, याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. त्यांनी वळून फळा स्वतःच्या हाताने पुसला. डस्टर समोर असताना धोतराच्या फडक्याने पुसला.

आता तुम्हाला वाटेल, समितीने कॉलेजला धडा शिकवला असेल. कसला धडा! ते उंच सदस्य हसले, "छान शिकवता हो तुम्ही," म्हणाले आणि चप्पल घालून इतरांच्या मागे गेले. मालकांच्या शेतावर जेवण झाले. मंजुरी आली, मागितली होती तेवढीच्या तेवढी. सरांच्या त्या खऱ्या बोलण्याने कुणाचे काहीसुद्धा बिघडले नाही. ना कॉलेजचे, ना समितीचे, ना त्या खोक्यांचे. बिघडले ते फक्त सरांचे. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. खोटे पकडले गेले असते आणि कॉलेज बुडाले असते, तर निदान त्यांच्या सत्याला काही किंमत तरी आली असती.

जून उजाडला. सरांना कुणी काढले नाही. तासिकावाल्यांना कुणी काढत नसते, त्यांची ऑर्डर निघत नाही एवढेच. पहिल्या दिवशी सर नेहमीच्या एसटीने आले, सर्व्हर पुसला आणि आमचा तास घ्यायला उभे राहिले. ऑर्डर आज ना उद्या येईल, दर वर्षी मागेपुढे होतेच, असे ते धरून चालले होते. आम्हा पोरांना मात्र ठाऊक होते. नव्या वेळापत्रकात त्यांचे नाव नव्हते. ते वेळापत्रक बाहेर भिंतीवरच लावलेले होते आणि त्यांनी ते बघितले नव्हते, की बघून न बघितल्यासारखे केले होते, ते त्यांनाच माहीत.

प्राचार्य दारात आले. "सर, जरा बाहेर या."

"तास संपू द्या," सर म्हणाले.

प्राचार्य तिथेच उभे राहिले आणि सरांनी तास संपेपर्यंत शिकवले. आवाज चढला नाही. मग बाहेर गेले. काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. परत आत आले ते डब्याची पिशवी घ्यायला. फडके सर्व्हरवरच राहिले होते. मी ते उचलून द्यायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लागंल कुणाला तरी." सर्व्हर पुसायला ते पुढे कुणालाही लागले नाही. नवीन आलेल्या माणसाने त्या फडक्याने सांडलेला चहा पुसलेला मी बघितला.

त्यानंतर ते कुठल्या कॉलेजात गेले नाहीत. बेंबळीत भावाच्या खताच्या दुकानात बसू लागले. मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत मला हाच प्रश्न आला होता, पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्याचा. मी कागदावर विहीर काढली. मुलाखत घेणारा चकित झाला आणि मी पास झाले. आता दिवसभर मी तिसऱ्या तऱ्हेची हजारो खोकी, कंपनीत त्यांना कंटेनर म्हणतात, उठवते आणि झोपवते. हलकी असतात, पटकन उठतात, एकाच गाभ्यावर दाटीवाटीने राहतात. कंपनीतल्या मीटिंगांमध्येसुद्धा मला तीच दिसतात. सरांनी ही एक खोड लावून ठेवली आहे, तिला औषध नाही.

एकदा येरमाळ्याला माहेरी जाताना धाराशिवच्या बसस्टँडवर ते भेटले. खताच्या कंपनीची टोपी डोक्यावर, हातात बियाण्यांची पिशवी. बारीक झाले होते. मी पाया पडले तर आधी ओळखलेच नाही, मग ओळखले आणि पहिला प्रश्न केला, "पुण्यात कुठली तऱ्हा?"

"तिसरी, सर. आता सगळीकडे तिसरीच."

"असणारच. हलकी असती ती." ते हसले. मग बाकावर बसून त्यांनी मला बराच वेळ काय काय विचारले, नव्या चिपा कशा आहेत, पहिल्या तऱ्हेला आता चिपमध्येच सोय असते म्हणतात ते खरे का. मी सांगत गेले. शेवटी मला राहवले नाही. म्हटले, "सर, त्या दिवशी समितीसमोर तुम्ही चुकून बोललात का मुद्दाम?"

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसले. "प्रश्न बरोबर विचारला हुता गं त्यानं," ते म्हणाले. "मग उत्तर अर्धं कसं सोडायचं?" तेवढ्यात बेंबळीची गाडी लागली. पिशवी सावरत ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. तशी त्यांना सवय नव्हती.

तीच भेट शेवटची. गेल्या हिवाळ्यात दुकानात बसल्या बसल्या त्यांचे हृदय बंद पडले. मला बातमी उशिरा कळली, म्हणून मी तेराव्याला पोहोचले. बेंबळीच्या स्टँडवर उतरले आणि समोर बघते तर हे भले मोठे फ्लेक्स. वर मालकांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली प्राचार्यांचा आणि मधोमध सर. मालक तेव्हा जिल्हा परिषदेची तयारी करत होते, बेंबळीत मते होती. फ्लेक्सवर लिहिले होते, 'आमच्या महाविद्यालयाचे आधारस्तंभ, ज्येष्ठ प्राध्यापक यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' सरांचा फोटो कुठला आहे ते मी लगेच ओळखले. समितीच्या दिवशी सकाळचा, तोच लाजलेला चेहरा. बाकीचा फोटो कापून टाकला होता, पण सरांच्या डाव्या खांद्यावर मालकांची बोटे तशीच राहिली होती.

मी तशीच तरातरा घरी गेले. जेवणावळ उठत होती. काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. सांत्वनाचे बोलायला आले होते, पण तोंडातून ते आलेच नाही. म्हटले, "काकू, स्टँडवरचं ते फ्लेक्स मी आत्ता जाऊन फाडून टाकते. जिवंतपणी एक कागद दिला नाही त्यांनी सरांना. आता मेल्यावर प्राध्यापक म्हणतात. लाज नाही वाटत?"

काकूंनी माझा हात धरला. घट्ट धरला, उठू दिले नाही.

"फाडू नगंस बाई," त्या म्हणाल्या. "समदं म्हाईत हाय मला. पर गावानं वाचलंय ते. कालपासनं पारावरची माणसं येऊन बसत्यात, म्हणत्यात, मास्तर कायम झालं हुतं आन् आमाला सांगितलं सुदिक न्हाय." त्यांचा मोठा आवाज पार खाली गेला होता.

"म्या व्हय म्हणले."